मुसा राम : निजामाचा फ्रेंच सेनानी जनरल रेमंड

हैदराबाद शहराच्या पूर्व अंगाला, मलकपेठ ओलांडून दिलसुखनगरच्या दिशेने निघाले की मुसारामबाग नावाची वस्ती लागते. इ. स. २०१८ मध्ये मेट्रो रेल्वे या बाजूस आली आणि तिच्या एका स्थानकालाही हेच नाव मिळाले. रोज हजारो लोकांच्या तोंडी असलेल्या या नावातील मुसा राम कोण, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. तो कोणी संत नव्हता, की कोणी हिंदू सरदारही नव्हता. फ्रान्समधील गॅस्कनी प्रांतात जन्मलेला, हैदराबादेत मरण पावलेला आणि दुसऱ्या निजामाच्या कवायती फौजेचा सेनापती असलेला मिशेल जोआकिम मारी रेमंड हा तो मुसा राम होय. फ्रेंच भाषेतील ‘मोस्य’ या आदरार्थी शब्दाचा आपल्याकडे ‘मुसा’ झाला. मराठी कागदपत्रांतही बुसीचा उल्लेख मुसा बुसी असाच येतो. या ‘मुसा’ला हैदराबादच्या हिंदूंनी ‘राम’ जोडला आणि मुसलमानांनी ‘रहीम’. परक्या सेनानीला दोन्ही समाजांनी आपापल्या परीने घरातले नाव द्यावे, असे भाग्य त्या काळच्या फारच थोड्या युरोपीयांच्या वाट्याला आले.

रेमंडचा जन्म सप्टेंबर १७५५ मध्ये सेरिन्याक या गावी एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. इ. स. १७७५ मध्ये, विशीत असतानाच, तो पुदुचेरीस उतरला, तो व्यापाराच्या उद्देशाने. परंतु त्या काळी दक्षिण हिंदुस्थानात धाडसी तरुणाला तागडीपेक्षा तलवार अधिक फलदायी ठरत असे. म्हैसूरच्या हैदरअलीच्या पदरी फ्रेंच पथके होती. त्यांपैकी एका पथकात रेमंडने चाकरी धरली आणि युद्धकलेचे पहिले धडे तेथे गिरवले. पुढे इ. स. १७८३ मध्ये वृद्ध बुसी फ्रान्सहून पुन्हा हिंदुस्थानात आला, तेव्हा रेमंड त्याच्या तैनातीस गेला.

बुसी हे नाव हैदराबादच्या इतिहासात साधे नव्हे. इ. स. १७५१ ते १७५८ या काळात निजामाच्या दरबारात त्याचा शब्द अखेरचा असे. कवायती पायदळ आणि शिस्तीचा तोफखाना यांचे सामर्थ्य दक्षिणेतील सत्ताधीशांना त्यानेच दाखवून दिले. पुढे पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या बाजूने लढलेला इब्राहिमखान गारदी याच परंपरेत तयार झालेला होता. जानेवारी १७८५ मध्ये बुसी पुदुचेरीस निवर्तला. हिंदुस्थानात फ्रेंचांचे राज्य उभारण्याचे स्वप्न तोवर विरले होते. उरले होते ते हाताशी असलेले कसब आणि ते विकत घेणारे दरबार. रेमंडने बुसीच्याच जुन्या कर्मभूमीची वाट धरली आणि निजाम अलीखान आसफजाह दुसरा याच्या सेवेत तो दाखल झाला.

आरंभी त्याच्याजवळ अवघी ३०० माणसे होती. त्यांच्या बंदुकाही स्वतःच्या नव्हत्या. एका व्यापाऱ्याकडून दरमहा बंदुकीमागे आठ आणे भाड्याने त्या घेतल्या होत्या, असे सांगतात. भाड्याच्या बंदुकांवर फौज फार काळ चालत नाही, हे व्यापाऱ्याच्या या मुलाने चटकन ओळखले असावे. इ. स. १७८६ मध्येच त्याने हैदराबादेत तोफा ओतण्याचा कारखाना उभारला. त्यालाच लोक ‘तोप का सांचा’ म्हणू लागले, आणि फतेह मैदानानजीकचा तो भाग ‘गनफाउंड्री’ या नावाने आजही ओळखला जातो. दारूगोळा आणि तोफा ज्याला घरच्या घरी मिळतात, त्याला ना कंपनी सरकारपुढे हात पसरावा लागत, ना बंदरावरच्या व्यापाऱ्यापुढे. रेमंडच्या सामर्थ्याचा हा पहिला पाया होता.

दुसरा पाया होता शिपायांच्या तलबेचा. अठराव्या शतकातील बहुतेक दरबारी फौजांचे दुखणे एकच असे : तलब महिनोन्‌महिने थकत असे, शिपाई धरणे धरून बसत, आणि ऐन लढाईच्या तोंडावर सेनापतीला शत्रूच्या आधी स्वतःच्याच माणसांची समजूत घालावी लागे. रेमंडला पुढे फौजेच्या खर्चासाठी मेदकचा मुलूख लावून देण्यात आला. वसूल थेट हाती येऊ लागल्याने दरबारच्या मर्जीवर तलब अवलंबून राहिली नाही. युरोपीय अंमलदारांच्या हाताखाली देशी शिपायांच्या पलटणी कवायत शिकल्या, आणि शिपाई आपल्या सेनापतीला अन्नदाता मानू लागला. निजामाने त्याला ‘मुतहव्वर-उल्‌-मुल्क’ असा किताब देऊन गौरवले.

या फौजेची खरी कसोटी लागली ती मराठ्यांविरुद्ध. चौथाईच्या थकबाकीवरून पुणे आणि हैदराबाद यांचे बोलणे फिसकटले आणि ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याजवळ दोन्ही सैन्ये समोरासमोर आली. सवाई माधवराव पेशव्यांच्या झेंड्याखाली शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे सारे मराठे सरदार एकत्र आल्याचा हा अखेरचा मोठा प्रसंग. परशुरामभाऊ पटवर्धनांकडे मराठ्यांचे सेनापतिपद होते. निजामाची मदार रेमंडच्या पायदळावर होती. विशेष असे की शिंद्यांच्या कवायती पलटणींचा नायक पेराँ हाही फ्रेंचच होता. दोन फ्रेंच सेनानी खर्ड्याच्या माळावर एकमेकांविरुद्ध तोफा डागत होते, आणि दोघांच्याही मागे उभे असलेले शिपाई मात्र याच देशाचे होते.

रेमंडच्या पलटणी त्या दिवशी नेटाने उभ्या राहिल्या. परंतु निजामाने आपला जनानखाना बरोबर आणला होता. तोफांच्या आवाजाने जनान्यात घबराट उडाली आणि तिची लागण निजामाला झाली. माघारीचा हुकूम सुटला. आपले पायदळ अद्याप हटलेले नसताना तो हुकूम रेमंडला पाळावा लागला. रात्रीच्या अंधारात गोंधळ माजला, सैन्याचा मोठा भाग पांगला आणि निजाम खर्ड्याच्या लहानशा किल्ल्यात कोंडला गेला. प्रत्यक्ष रणात माणसे फारशी पडली नाहीत. हार झाली ती धीर सुटल्याने. थोड्याच दिवसांत निजामाला तह पत्करावा लागला. दौलताबादचा किल्ला, मोठा मुलूख आणि सुमारे तीन कोटी रुपये देण्याचे त्याने कबूल केले आणि आपला दिवाण मुशीर-उल्‌-मुल्क यालाही मराठ्यांच्या स्वाधीन केले.

मराठी वाचक खर्ड्याची लढाई विजयाची म्हणून स्मरतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्या पराभवाने रेमंडचे वजन घटले नाही, उलट वाढले. कंपनीच्या दोन पलटणी निजामाच्या पैशावर हैदराबादेत होत्या. मात्र गव्हर्नर जनरल सर जॉन शोअरने मराठ्यांविरुद्ध त्या वापरू दिल्या नाहीत. ज्यांना पोसले ते अडचणीत कामास आले नाहीत आणि रेमंड मात्र उभा राहिला, हे निजामाच्या मनात ठसले. त्याने इंग्रज पलटणींना निरोप दिला. त्याच वर्षी जूनमध्ये शहाजादा अली जाह याने बापाविरुद्ध बंड पुकारले, तेव्हा रेमंडनेच ते मोडले. पकडलेल्या शहाजाद्याने हैदराबादेस परतण्यापूर्वीच जीवनाचा अंत करून घेतला. यानंतर रेमंडची फौज वाढत वाढत सुमारे १४,००० पर्यंत पोहोचली. ३०० भाडोत्री बंदुकांपासून येथवरचा प्रवास अवघ्या दहा वर्षांत झाला होता.

तिकडे युरोपात याच काळात उलथापालथ झाली होती. फ्रान्समध्ये राजेशाही कोसळली होती आणि १७९३ पासून इंग्लंड व फ्रान्स यांच्यात युद्ध पेटले होते. रेमंडच्या फौजेत फ्रेंच क्रांतीची निशाणे फडकू लागली. दक्षिणेच्या मध्यभागी, कंपनीच्या मद्रास इलाख्याच्या शेजारी, शत्रुराष्ट्राच्या झेंड्याखाली १४,००० शिपाई आणि तोफांचा कारखाना असणे ही इंग्रजांच्या दृष्टीने मोठीच धास्तीची बाब होती. त्यांच्या सूचनेने निजामाच्या पदरी फिंगलास आणि बॉइड या दोघांची पथकेही उभी राहिली, ती रेमंडला तोल म्हणून. यांपैकी बॉइड हा अमेरिकन होता. परंतु रेमंडच्या फौजेशी त्यांची बरोबरी होण्यासारखी नव्हती. इ. स. १७९७ मध्ये पुण्याच्या कैदेतून सुटून दिवाण हैदराबादेस परतला. अरस्तू जाह या नावाने प्रसिद्ध असलेला हा मुत्सद्दी इंग्रजांच्या मैत्रीचा पुरस्कर्ता होता. दरबारातील वारे फिरू लागले.

नवा गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली हिंदुस्थानकडे येत असता, १७९८ च्या आरंभी केप ऑफ गुड होप येथे त्याची गाठ हैदराबादचा पूर्वीचा रेसिडेंट विल्यम कर्कपॅट्रिक याच्याशी पडली. रेमंडच्या फौजेची सारी हकीकत वेलस्लीने त्याच्याकडून समजून घेतली आणि ती फौज मोडण्याचा निश्चय मनाशी बांधला. पण एप्रिलअखेर वेलस्ली मद्रासला उतरला, तेव्हा ज्याचे भय त्याने बाळगले होते तो पुरुषच हयात नव्हता. २५ मार्च १७९८ रोजी, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, रेमंडचा अकस्मात मृत्यू झाला होता. विषप्रयोगाची कुजबुज झाली, आत्मघाताचीही झाली. सिद्ध काहीच झाले नाही.

सेनापतीच्या मृत्यूनंतर फौजेचे काय होते, हे पुढील सात महिन्यांनी दाखवले. पिराँ नावाचा अंमलदार त्याच्या जागी आला. फौज तीच, तोफा त्याच, कवायतही तीच. पण माणसांवरील ती पकड राहिली नाही आणि तलब थकू लागली. जुलै १७९८ मध्ये नेपोलियन बोनापार्ट इजिप्तमध्ये उतरला. त्याआधीच मॉरिशसच्या फ्रेंच गव्हर्नरने टिपू सुलतानासाठी स्वयंसेवक मागवणारा जाहीरनामा काढला होता. प्रत्यक्षात शंभराच्या आतच माणसे आली, परंतु वेलस्लीला निमित्त पुरेसे होते. १ सप्टेंबर १७९८ रोजी निजामाने इंग्रजांशी तह केला. त्याअन्वये कंपनीच्या सहा पलटणींची तैनाती फौज हैदराबादेत कायम राहणार होती, तिच्या खर्चापोटी निजामाने सालीना चोवीस लाखांवर रुपये द्यायचे होते, आणि फ्रेंच फौज मोडायची होती.

ऑक्टोबरमध्ये तो क्षण आला. रेसिडेंट जेम्स अकिलीझ कर्कपॅट्रिकने निजामाकडून बरखास्तीचा हुकूम मिळवला. हुकूम कळताच छावणीत खळबळ उडाली. थकलेल्या तलबेसाठी शिपायांनी स्वतःच्याच फ्रेंच अंमलदारांना अडकवून ठेवले. कॅप्टन जॉन माल्कम त्यांची समजूत घालण्यास गेला, तेव्हा जमावाने त्यालाही घेरले. त्याचे प्राण वाचले ते पूर्वी त्याच्याच पलटणीत चाकरी केलेल्या काही शिपायांमुळे. दुसऱ्या दिवशी, २२ ऑक्टोबर रोजी, कर्नल रॉबर्ट्सच्या पलटणींनी छावणी वेढली. शिपायांना हत्यारे जमिनीवर ठेवून दूर उभारलेल्या निशाणाकडे जाण्यास सांगण्यात आले. थकलेली तलब मिळेल, असे आश्वासनही दिले गेले. सायंकाळपर्यंत अकरा हजारांवर माणसे नि:शस्त्र झाली होती. एकही लढाई झाली नाही. शंभरावर फ्रेंच अंमलदार इंग्रजांच्या ताब्यात गेले.

नेपोलियनविरुद्धच्या जागतिक युद्धातील एक मोठा विजय इंग्रजांनी असा हैदराबादेत गोळी न झाडता मिळवला. त्याची किंमत मात्र निजामशाहीला कायमची मोजावी लागली. रेमंडची फौज निजामाची होती. तैनाती फौज निजामाच्या खर्चाने ठेवलेली, पण कंपनीच्या हुकुमात चालणारी होती. मोडलेल्या फौजेतील काही शिपाई नव्या अंमलदारांखाली पुन्हा भरती झाले आणि १७९९ मध्ये माल्कमच्या हुकुमाखाली श्रीरंगपट्टणावर चालून गेले. ज्या म्हैसूरच्या चाकरीत रेमंडने बंदूक धरली होती, ते राज्य बुडवण्यास त्यानेच घडवलेले हात लागले.

खर्ड्याच्या विजेत्यांचीही वाट निराळी ठरली नाही. इ. स. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईस तैनाती फौज पत्करली. पुढच्याच वर्षी पेराँ शिंद्यांची चाकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयास गेला, आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणात शिंद्यांच्या कवायती पलटणी शर्थीने लढूनही हरल्या. तेथील विजेता आर्थर वेलस्ली पुढे वॉटर्लूचा विजेता झाला. पदरच्या शिपायाला परक्या सेनापतीच्या भरवशावर सोडणाऱ्या दोन्ही दरबारांना, पुण्याला आणि हैदराबादला, पाच वर्षांच्या अंतराने एकच धडा मिळाला.

रेमंडला शहराबाहेर पूर्वेकडील टेकडीवर, अस्मानगढनजीक, चिरविश्रांती मिळाली. सुमारे २३ फूट उंचीचा निमुळता दगडी स्तंभ आणि त्यावर कोरलेली जे. आर. ही रोमन आद्याक्षरे एवढीच त्याची खूण. शेजारचा खांबांचा मंडप ऑक्टोबर २००१ मध्ये पावसाने कोसळला आणि नंतर पुन्हा उभारला गेला. त्याच्या पुण्यतिथीस लोक येथे ऊद जाळीत, दिवे लावीत. पहाडासारखी फौज एका दिवसात विरली, तोफांचा कारखाना थंडावला, ज्या दरबारासाठी हे सारे केले तो दरबारही गेला. परंतु त्याच्या मृत्यूनंतरही पिढ्यान्‌पिढ्या या टेकडीवर दिवा लागत राहिला, तो कोणत्याही विजयासाठी नव्हे. मोठा विजय त्याच्या नावावर नव्हताच. परमुलखातून आलेल्या एका माणसाने पदरच्या माणसांना सांभाळले, एवढीच आठवण या शहराने जपली आणि तिला कधी राम म्हटले, कधी रहीम.