विश्लेषण : सरासरीपेक्षा कमी म्हणजे आजारी? डॉ. सुखात्मे यांनी दाखवून दिलेली आकड्यांची गफलत

करकंब : गर्भवतीच्या सोनोग्राफीत बाळाचे अंदाजे वजन सरासरीपेक्षा थोडे कमी निघाले, की घरात लगेच काळजी सुरू होते. पण निरोगी बाळांपैकीही साधारण निम्मी सरासरीच्या खालीच असणार. म्हणून डॉक्टर सरासरीवर रेघ मारत नाहीत. त्याच आठवड्याची १०० बाळे वजनाच्या क्रमाने लावली, तर हे बाळ तळाच्या १० मध्ये येते का, ते पाहतात. हाडांच्या घनतेच्या स्कॅनमध्येही ठिसूळपणाची रेघ तरुण, निरोगी व्यक्तींच्या सरासरीच्या बरीच खाली आहे.

सरासरी आणि किमान यांतला हा फरक भुकेच्या मोजणीत एका मराठी संख्याशास्त्रज्ञाने लावून धरला. ते म्हणजे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

सुखात्मे कोण होते?

२७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध गावी त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयानंतर ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. नेमन, पिअर्सन, फिशर असे आधुनिक संख्याशास्त्राचे दिग्गज तेव्हा तिथेच होते. १९३६ मध्ये पीएचडी, १९३९ मध्ये डीएससी. मायदेशी आल्यावर पंडित मदन मोहन मालवीय यांनी त्यांना विचारले, की या गणिताचा इथल्या गरिबाला उपयोग काय? सुखात्मे यांची पुढची वाट या प्रश्नाने ठरली, असे सांगितले जाते. १९४० पासून ते दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत होते.

शेतात काय सापडले?

पीक विम्यामुळे ‘पीक कापणी प्रयोग’ हे शब्द करकंब मंडळातल्या शेतकऱ्याला नवे नाहीत. चिठ्ठी टाकावी तसे शेत निवडायचे, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापून वजन करायचे आणि त्यावरून उत्पादनाचा अंदाज बांधायचा. तुकडा केवढा असावा, यावर १९४० च्या दशकात सुखात्मे आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यात मोठा वाद झाला. महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. कमी कष्टात जास्त नमुने मिळतात, हा त्यांचा मुद्दा.

सुखात्मे यांनी प्रयोग करून दाखवले, की लहान तुकड्यात उत्पादन हमखास फुगते. कारण साधे आहे. कडेवरचे ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. तुकडा लहान असला की क्षेत्राच्या मानाने कड जास्त, म्हणून चूकही मोठी. शिवाय ही चूक एकाच बाजूला झुकलेली असते. त्यामुळे हजार तुकडे कापले तरी ती भरून निघत नाही. १९४६ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात हे निष्कर्ष आले.

भुकेच्या आकड्यात काय बिघडले होते?

१९५१ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत (एफएओ) रोमला गेले आणि १९७० पर्यंत तिथे संख्याशास्त्राची धुरा सांभाळली. जगातली दोन तृतीयांश माणसे भुकेली आहेत, असे तेव्हा सर्रास बोलले जाई. १९६१ च्या निबंधात सुखात्मे यांनी पोटभर न मिळणाऱ्यांचे प्रमाण १० ते १५ टक्के मांडले. पोट भरूनही आहार निकस असलेल्यांचा हिशेब त्यांनी वेगळा धरला होता.

खरी खडाजंगी पुण्यात झाली. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी रोज २,२५० उष्मांक हा आधार धरून दारिद्र्याची रेघ काढली. ग्रामीण भागात सुमारे ४० टक्के आणि शहरी भागात ५० टक्के लोक रेघेखाली, असा १९६०-६१ सालाचा हिशेब निघाला. सुखात्मे यांचा आक्षेप रेघेच्या जागेवर होता. सरासरी गरजेलाच किमान मानले, तर पोटभर जेवणाऱ्या धडधाकट माणसांतलीही निम्मी उपाशी ठरतात. त्यात एकाच माणसाचे खाणे दिवसागणिक बदलते आणि शरीर काही मर्यादेपर्यंत ते सांभाळून घेते. म्हणून रेघ सरासरीच्या दोन प्रमाण विचलने खाली हवी, असे ते म्हणत. (प्रमाण विचलन म्हणजे सरासरीभोवती आकडे किती पसरले आहेत, याचे माप.)

इथे मात्र गणित संपते आणि वैद्यक सुरू होते. पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांच्यासारख्यांचा सवाल होता, की शरीर कमी अन्नात भागवते तेव्हा त्याची किंमत खुंटलेली उंची किंवा घटलेली कामाची ताकद अशी तर मोजत नाही? शिवाय रेघ खाली आली की गरिबांचा सरकारी आकडा आपोआप घटतो. सरासरीबाबत सुखात्मे बरोबर होते, यात शंका वाटत नाही. शरीर किती सांभाळून घेते, हा त्यांचा दावा मात्र तितका भक्कम नव्हता.

निवृत्तीनंतर पुण्यात राहून ते स्वच्छ पाणी आणि आरोग्याच्या सवयींवर भर देत राहिले. पोटात गेलेले अन्न जुलाबात वाया जात असेल, तर ताटातले उष्मांक मोजून भागत नाही. २८ जानेवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. एफएओ दरवर्षी जगातील उपाशी लोकांचा आकडा जाहीर करते. तो काढताना आजही सरासरी गरजेची नव्हे, तर त्या लोकसंख्येच्या किमान गरजेची रेघ वापरली जाते.