हजरत मखदूम अली माहिमी : कोकणचे अरबी पंडित

शिरूर-दौंडकडून मुंबईला गेलेले आपल्यातील पुष्कळजण माहीमला उतरतात आणि हजरत मखदूम अली माहिमी (रह.) यांच्या दर्ग्यात फातिहा पढून परततात. परंतु हे बुजुर्ग मोठे ग्रंथकार होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात माहीमला एका नवायत घराण्यात त्यांचा जन्म झाला. नवायत म्हणजे कोकण किनाऱ्यावर स्थायिक झालेले अरब वंशाचे लोक. वडील लवकर पैगंबरवासी झाले आणि मुलाच्या तालीमीचा भार मातोश्रींनी वाहिला, असे सांगतात. आईने रात्री पाणी मागितले, ते आणेपर्यंत तिला झोप लागली, तेव्हा मुलगा पहाटेपर्यंत भांडे धरून उभा राहिला, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. ती आपण आवडीने सांगतो. त्यानंतर त्यांनी वर्षानुवर्षे व्याकरण घोकले, ते मात्र सांगायचे राहते.

शाफई फिकहचे ते जाणकार, म्हणून लोक त्यांना फकीह म्हणत. गुजरातच्या सुलतानांच्या अमदानीत ते काझी होते. पण त्यांचे खरे काम म्हणजे कुराण शरीफवरील अरबी भाष्य, ज्याला तफसीरे रहमानी म्हणतात. 114 सूरांपैकी 113 सूरांच्या आरंभी बिस्मिल्लाह येते. आपण ती दर वेळी सारखीच म्हणून पुढे जातो. मखदूमसाहेबांनी त्या त्या सूरेच्या आशयाला धरून प्रत्येक ठिकाणी तिचा वेगळा अर्थ उलगडला, आणि एका आयतीचा पुढच्या आयतीशी असलेला दुवाही दाखवला. एका धातूपासून किताब, कातिब, मकतब असे शब्द कसे निघतात, हे ज्याच्या अंगवळणी पडले आहे, त्यालाच हे साधते. नुसत्या तर्जुम्यावर विसंबणाऱ्याचे हे काम नव्हे.

हिजरी 835 मध्ये ते निवर्तले. त्यानंतर सुमारे साडेचार शतकांनी, 1878 साली, त्यांची तफसीर कैरोच्या बूलाक छापखान्यात छापली गेली. माहीमच्या माणसाचे लिखाण मिसरच्या वाचकाने थेट वाचले, मध्ये दुभाषा लागला नाही!

आणि आपण? अरबीने नोकरी मिळेल का, असे पालक विचारतात. प्रश्न गैर नाही, पोटाची चिंता सर्वांनाच आहे. तरी पुढच्या खेपेस माहीमला जाल तेव्हा मुलाला अल्हम्दु पढायला सांगा. तो खडाखडा पढेल. मग अर्थ विचारून पाहा.