दादरच्या बिऱ्हाडात तयार झाला देशाचा पहिला सिनेमा! दादासाहेब फाळके आणि सरस्वतीबाईंच्या संसाराची गोष्ट

आज गावातला शाळकरी पोरगाही खिशातून मोबाईल काढतो, पाच मिनिटांत व्हिडिओ बनवतो आणि जेवणाआधी शंभर जणांना पाठवून मोकळा होतो. पण ११० वर्षांपूर्वी हलतं चित्र तयार करायचं म्हणून एका मराठी घराने विम्याचे कागद गहाण टाकले होते, घरच्या बाईने दागिने मोडले होते आणि घरधन्याचे डोळे जायची वेळ आली होती. ते घर म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच आपले दादासाहेब फाळके यांचं.

दादासाहेबांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. सिनेमातला मोठा पुरस्कार त्यांच्या नावाने मिळतो, हेही माहीत आहे. पण तो पहिला सिनेमा कुठल्या मोठ्या स्टुडिओत नाही, तर दादरच्या राहत्या घरात, चुलीच्या शेजारी तयार झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

त्र्यंबकचा मुलगा मुंबईत

फाळके मूळचे आपल्यासारखेच गावाकडचे. जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. पोराने भिक्षुकी शिकावी, शास्त्री व्हावं अशी घरची रीत. पण वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवायची नोकरी लागली आणि सगळं कुटुंब मुंबईला आलं. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला दाखल झाले. तिथून पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले.

या माणसाला छंद किती असावेत? चित्रं काढायची, मूर्तीकाम करायचं, फोटो काढायचे, नाटकाचे पडदे रंगवायचे. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात नाट्यगृहाचा छोटा नमुना करून ठेवला, त्याला सुवर्णपदक मिळालं. एका जर्मन जादूगाराकडून जादूचे खेळ शिकले आणि फाळके हे आडनाव उलटं वाचून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने प्रयोग करू लागले. फोटोचा धंदा टाकला, तर फोटो काढला की माणसाची ताकद जाते असा लोकांचा समज! गिऱ्हाईक येईना.

त्यातच दुःखाचा डोंगर कोसळला. गोध्र्याला असताना प्लेगची साथ आली आणि त्यात पहिली बायको आणि मूल दोघंही गेली. १९०२ मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं. मुलगी करंदीकरांची, माहेरचं नाव गिरिजा. सासरी नाव ठेवलं सरस्वती. आपली खरी गोष्ट इथून सुरू होते.

चांगली नोकरी सोडली

लग्नानंतर फाळक्यांना पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी लागली. सरकारी नोकरी, ठरलेला पगार. पण स्वदेशीच्या चळवळीचे दिवस होते. १९०६ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि लोणावळ्याला छापखाना काढला. पुढे तो दादरला आणला. 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' हे त्याचं नाव. रंगीत छपाईची यंत्रं आणायला फाळके १९०९ मध्ये जर्मनीलाही जाऊन आले. धंदा जोरात होता, पण भागीदारांशी पटेना. शेवटी छापखाना सोडून घरी बसायची वेळ आली.

चाळिशी गाठलेला माणूस, पदरात लेकरं आणि हाताला काम नाही. अशी वेळ कुणावर आली तर घरात काय वातावरण असतं, ते वेगळं सांगायला नको.

गिरगावातला तो खेळ

१९१०-११ च्या सुमाराची गोष्ट. फाळके तेव्हा चर्नी रोडजवळ राहायचे. गिरगावात 'अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस' नावाच्या ठिकाणी हलत्या चित्रांचे खेळ व्हायचे. तिथे त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर येशू दिसत होता, पण फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. आपले देव, आपली माणसं अशी पडद्यावर का दिसू नयेत, हा प्रश्न डोक्यात शिरला तो शिरलाच. त्यांनी सरस्वतीबाईंनाही हा खेळ दाखवला.

मग घरात नवीन उद्योग सुरू झाला. खेळण्यातला एक कॅमेरा आणि थोडी रिळं आणली. मेणबत्तीचा उजेड भिंगातून भिंतीवर पाडून चित्रं हलवून बघायची. रोज संध्याकाळी मिळेल तो सिनेमा बघायचा आणि उरलेला वेळ विचारात घालवायचा. झोप नाही, विश्रांती नाही. व्हायचं तेच झालं. डोळ्यांवर ताण येऊन दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि वेगवेगळ्या चष्म्यांनी नजर कशीबशी परत आली.

नातेवाइकांना हे खूळ वाटत होतं. सरस्वतीबाई मात्र नवऱ्याच्या बाजूने उभ्या राहिल्या. आयुर्विम्याचे कागद गहाण टाकून फाळक्यांनी कर्ज काढलं आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनला जाणारं जहाज पकडलं. तिथे सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहून घेतलं. विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा घेतला, फिल्मला भोकं पाडायचं आणि छपाईचं यंत्र घेतलं, कोडॅकची कच्ची फिल्म सांगितली आणि १ एप्रिलला परतही आले.

कुंडीतला वाटाणा

आता जागा हवी होती. चर्नी रोडचं बिऱ्हाड सोडून फाळके कुटुंब दादरला 'मथुरा भवन' या बंगल्यात आलं. आवारात काचेची छोटी खोली उभी केली.

पण नुसत्या कॅमेऱ्याने सिनेमा होत नाही, पैसा लागतो. आणि सावकार म्हणजे सावकार, आधी माल दाखवा म्हणणारच. फाळक्यांनी काय करावं? कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर लावला आणि महिनाभर त्या रोपाची थोडी थोडी चित्रं घेत राहिले. ती सलग दाखवल्यावर दाण्यातून कोंब फुटतो, वेल वर चढतो, हे सगळं मिनिटभरात डोळ्यांसमोर घडलं. आज मोबाईलमध्ये 'टाइमलॅप्स' म्हणून बटण असतं ना, तेच काम फाळक्यांनी १९१२ मध्ये हाताने केलं. शेतकऱ्याच्या रोजच्या बघण्यातली गोष्ट, पण सावकार गार पडला. यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज दिलं. तरी पैसे कमी पडले तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने मोडले.

हरिश्चंद्राची फॅक्टरी

विषय ठरला राजा हरिश्चंद्राचा. राजाच्या भूमिकेला दत्तात्रय दामोदर दाबके मिळाले. कॅमेरा चालवायला मित्र त्र्यंबक तेलंग यांना शिकवून तयार केलं. घोडं अडलं ते तारामतीपाशी. त्या काळी नाटकातसुद्धा बायकांची कामं पुरुष करायचे, सिनेमात कोण बाई येणार? फाळक्यांनी जाहिराती दिल्या, वेश्यावस्तीतही विचारून पाहिलं. कुणी टिकेना.

शेवटी तारामती सापडली ग्रँट रोडच्या एका खाणावळीत! तिथे काम करणारा अण्णा साळुंके हा तरुण सडपातळ होता आणि त्याचे हात नाजूक होते. पगार महिना १० रुपये. फाळक्यांनी १५ देऊ केले आणि खाणावळीतला माणूस राणी तारामती झाला. रोहिदासाच्या कामाला कुणी आपलं पोर देईना, कारण गोष्टीत त्या पोराला मरायचं होतं. मग फाळक्यांनी स्वतःचा मुलगा भालचंद्र उभा केला.

सिनेमात काम करतो असं सांगायची तेव्हा लाज वाटायची. म्हणून फाळक्यांनी नटांना शिकवून ठेवलं होतं की, कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहे, असं सांगायचं. ही सगळी मंडळी एकत्र कुटुंबासारखी मथुरा भवनातच असायची. तालमी तिथे, मुक्काम तिथे, जेवण तिथेच.

सरस्वतीबाईंचा दिवस

आता जरा विचार करा. एवढ्या माणसांचं जेवण कोण करणार?

ते काम सरस्वतीबाईंचं. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या रांधायच्या. घरी लग्न निघालं की दोन दिवसांत बायकांची कंबर मोडते. इथे तर रोजचंच लग्न होतं. त्यात स्वतःची लहान मुलं. नटांचे कपडे धुवायचे ते वेगळेच.

बरं, काम चुलीपाशी संपत नव्हतं. चित्रीकरण चालू असताना उन्हात तासन् तास पांढरी चादर धरून उभं राहायचं, म्हणजे उजेड नटांच्या तोंडावर पडेल. आज शूटिंगमध्ये यासाठी वेगळी माणसं आणि सामान असतं. इथे घरची बाई आणि घरची चादर.

आणि खरं अवघड काम रात्रीचं. कच्च्या फिल्मला तेव्हा कडेची भोकं पाडलेली नसायची. ती भोकं यंत्रावर अंधारातच पाडावी लागत, कारण उजेड लागला की फिल्म वाया. दिवसभर राबून झाल्यावर, जेवणं आटोपल्यावर, सरस्वतीबाई अंधारात बसून हे काम करायच्या. हाताच्या अंदाजाने. एक भोक चुकलं तर पडद्यावर चित्र उडणार. त्याशिवाय फिल्म धुण्याची रसायनं कालवणं, फिल्म धुणं, जोडणं हे सगळं त्या नवऱ्याकडून शिकल्या. स्वयंपाकघरच फिल्म धुण्याची खोली झालं होतं.

फाळके स्वतः गोष्ट लिहायचे, देखावे रंगवायचे, नटांना तयार करायचे, चित्रीकरण बघायचे. आयुष्यभर जे छंद केले, ते सगळे इथे कामाला आले. चित्रकला पडद्यांना, जादू चमत्काराच्या दृश्यांना, छापखान्यातला हात रसायनांना. पण हे सगळं करायला मोकळा वेळ मिळाला, तो घरातली चूल विझली नाही म्हणून.

वांगणीत दरोडेखोर!

बाहेरची दृश्यं घ्यायला मंडळी वांगणीला गेली. आज बदलापूरच्या पुढे लोकलचं स्टेशन आहे, तीच वांगणी. फाळके मागून येणार होते. इकडे तलवारी-भाले घेतलेली अनोळखी माणसं पाहून गावकऱ्यांना वाटलं, दरोडा आला! पाटलाने सगळ्यांना अडकवून ठेवलं. फाळके आल्यावर त्यांनी समजावून सांगितलं, पण सिनेमा म्हणजे काय हेच कुणाला माहीत नव्हतं. शेवटी कॅमेरा उघडून दाखवला, फिल्म न घालता चित्रीकरण करून दाखवलं, तेव्हा सुटका झाली. गावकऱ्यांचं तरी काय चुकलं म्हणा!

चित्रीकरणात भालचंद्र दगडावर पडला, डोक्याला लागलं, रक्त आलं. लोक म्हणाले परत जाऊ. फाळक्यांनी मलमपट्टी केली आणि काम पुरं केलं. बाप म्हणून हे बरोबर की चूक, ज्याने त्याने ठरवावं. पण काम थांबलं असतं तर कर्ज थांबणार नव्हतं.

कोरोनेशनचा दिवस

सहा-सात महिन्यांच्या कष्टांनंतर चित्रपट पुरा झाला. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. त्याआधी १९१२ मध्ये दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' दाखवला गेला होता, पण ते नाटकाचं चित्रीकरण होतं. म्हणून पूर्ण लांबीच्या पहिल्या भारतीय चित्रपटाचा मान 'राजा हरिश्चंद्र'ला दिला जातो.

लोकांनी गर्दी केली. कर्ज फिटलं. त्याच वर्षी फाळके कुटुंब कारखाना घेऊन नाशिकला गेलं. पुढच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकींनी काम केलं आणि बायका सिनेमात येत नाहीत ही अडचणही सुटली. १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये साळुंक्यांनी राम आणि सीता अशी दोन्ही कामं केली. त्या चित्रपटाची नाणी मद्रासला बैलगाडीतून न्यावी लागली, असं सांगतात. 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली ती फाळक्यांची लेक मंदाकिनी.

शेवट मात्र कष्टाचा

पैसा आला तसा गेलाही. मिळालेला पैसा फाळके पुढच्या चित्रपटात घालायचे. १९१८ मध्ये भागीदारांसोबत 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' निघाली, पण तिथेही पटलं नाही. फाळके काशीला निघून गेले, परत आले. तोवर बोलपटांचा जमाना आला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा चित्रपट. उतारवयात हात आखडला. ज्या धंद्याने पुढे किती तरी लोकांना लखपती केलं, तो सुरू करणाऱ्या माणसाच्या घरात पैसा राहिला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं.

सरकारने १९६९ पासून त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. दादर पूर्वेला त्यांच्या नावाचा रस्ता आहे. मान योग्यच आहे. पण त्या मानातला अर्धा वाटा जिचा, ती बाई बहुतेकांना नावानेही माहीत नाही.

आपल्याकडेही असंच असतं. सातबाऱ्यावर नाव एकाचं, पण निंदणी-खुरपणी, गुरंढोरं, धारा आणि मजुरांच्या भाकरी करणारी दुसरीच. कुणी शेतीत नवीन प्रयोग केला, धंदा उभा केला की फोटो छापून येतो तो एकट्याचा. पुढच्या वेळी 'दादासाहेब फाळके' हे नाव कानावर पडलं, तर घरातल्या पोरांना सरस्वतीबाईंचंही नाव सांगा. अंधारात बसून पाडलेल्या त्या भोकांशिवाय राजा हरिश्चंद्र पडद्यावर एक पाऊलही चालला नसता.