जिम कॉर्बेट आणि बंदुकीची निवड

ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीबाहेरच्या, किंबहुना परकीय वंशाच्या पुरुषाचे चरित्र कशासाठी, अशी पृच्छा काही वाचक करतील. त्यांस आमचे उत्तर असे की, गुणांना जात नसते. शिवाय आमच्या ज्ञातीतील अनेक मुलेमुली अलीकडे नेमबाजीचा अभ्यास करू लागली आहेत, आणि कोणती रायफल घ्यावी हा प्रश्न घरोघर निघत आहे. ज्या पुरुषाचे प्राण अनेकदा ह्याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहिले, त्याचे चरित्र अशा वेळी उपयोगी पडावे.

जिम कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील तेथे पोस्टमास्तर होते. १८८१ साली पितृछत्र हरपले आणि मोठ्या कुटुंबाचा भार मातेवर पडला. हिवाळ्यात हे कुटुंब पायथ्याच्या कालाढुंगी गावी राहत असे. तेथील रानातच जिमचे खरे शिक्षण झाले. त्याची पहिली बंदूक ठासणीची, दुनळी आणि जुनाट होती. तिची एक नळी तडकलेली असल्यामुळे दुसरीवरच भिस्त होती. एकच बार हाती असल्याने तो वाया न दवडण्याची सवय त्यास बालपणीच जडली.

पुढे नैनितालच्या बालसैनिकांत दाखल झाल्यावर .४५० बोअरची मार्टिनी रायफल त्याच्या हाती आली. बोअर म्हणजे नळीचा आतील व्यास, तो इंचाच्या अंशांत सांगतात. ह्या लष्करी रायफलीची गोळी सुमारे ३१ ग्रॅम वजनाची असे. बार उडताच दस्त्याचा दणका मुलाच्या खांद्यास असह्य होई. दणक्याच्या भीतीने बार उडण्यापूर्वीच अंग आखडले म्हणजे नेम चुकतो, हे नेमबाजीतील पहिले सत्य होय. तरीही त्याने ती रायफल वश केली, आणि सुट्टीत तीच घेऊन एक बिबट्याही मारला.

तरुणपणी कॉर्बेट रेल्वेच्या नोकरीत शिरले आणि मोकामा घाट येथे माल उतरवण्याचढवण्याचा ठेका त्यांनी वीसहून अधिक वर्षे चालवला. हमालांबरोबर स्वतः राबणारा हा ठेकेदार १९०७ साली चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या मागावर गेला. तिच्या नावावर ४३६ बळी नोंदलेले होते. भयभीत गावकऱ्यांचा विश्वास संपादन करण्यासाठी त्यांनी प्रथम मार्टिनी-हेन्री रायफलीने सुमारे दोनशे यार्डांवरून घुरल नावाच्या डोंगरी बकऱ्या टिपल्या. वाघिणीसाठी मात्र .५०० बोअरची दुनळी घेतली, पण तिची काडतुसे जवळ केवळ तीनच होती. ती संपल्यावर तहसीलदाराची बंदूक मागून घेण्यास धावावे लागले. बंदूक कितीही भारी असली तरी काडतुसांचा हिशेब चुकल्यास ती काठीइतकीच उपयोगी, हा धडा त्या दिवशी मिळाला.

ह्या पराक्रमाबद्दल प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी त्यांस .२७५ बोअरची रिग्बी रायफल भेट दिली. तिचे काडतूस म्हणजे जर्मनीतील माउझर कारखान्याचे प्रसिद्ध सात मिलिमीटरचे काडतूस होय. गोळी अवघी नऊ ग्रॅमची, पण वेग मोठा. त्यामुळे ती दूरवर सपाट रेषेत जाई, दणका सौम्य राही, आणि चितळ, सांबर किंवा घुरल यांस एका बारात वेदनेविना मृत्यू येई. हरणास अतिभारी गोळी घातल्यास मांसाची नासाडी होते, फार हलकी घातल्यास जनावर जखमी होऊन रानात तडफडत राहते. दोन्हींमधील मध्यममार्ग त्या रायफलीत साधला होता.

त्यांच्याजवळ दुसरी एक .४५०/४०० बोअरची जड दुनळीही होती. तिची गोळी सुमारे २६ ग्रॅमची. जवळून अंगावर येणाऱ्या वाघास थोपविण्यास ती समर्थ होती. १९३८ साली ठाक येथील वाघिणीवर खडकाच्या अरुंद कपारीवरून तिचे दोन्ही बार झाडताच दणक्याने त्रेसष्ट वर्षांचे कॉर्बेट खाली आपल्या सोबत्यांवर कोसळले. वाघीण मात्र ठार झाली. उलट १९३० साली चौगढच्या वाघिणीशी एका खडकाआड अकस्मात गाठ पडली, तेव्हा डाव्या हातात पक्ष्याची अंडी होती आणि उजव्या हातात हलकी .२७५ होती. ती एका हाताने हळूहळू फिरवून त्यांनी बार झाडला. जड दुनळी असती तर हे साधले नसते. रुद्रप्रयागचा बिबट्या, ज्याच्या नावावर १२५ बळी नोंदलेले होते, तोही १९२६ च्या मे महिन्यात रात्री विजेरीच्या उजेडात ह्याच हलक्या रायफलीने मारला गेला.

ह्यावरून एकच बोअर सर्व कामांस श्रेष्ठ नाही, हे स्पष्ट होते. काम, अंतर, स्वतःच्या खांद्याचे बळ आणि सराव ह्या चार गोष्टी पाहूनच निवड करावी.

उत्तरायुष्यात कॉर्बेट यांनी बंदूक क्रमशः बाजूस ठेवून चलच्चित्राचा कॅमेरा हाती घेतला. १९३६ साली स्थापन झालेल्या देशातील पहिल्या राष्ट्रीय उद्यानास पुढे त्यांचेच नाव लाभले. १९४७ साली बहीण मॅगीसह ते आफ्रिकेत गेले आणि १९ एप्रिल १९५५ रोजी केनियातील न्येरी येथे निवर्तले.

१९७२ च्या कायद्याने आपल्याकडे शिकारीस बंदी आली, आणि ते योग्यच झाले. आता रायफल उरली ती कागदी लक्ष्यासाठी. तेथेही न्याय तोच आहे. दहा मीटरवर ४.५ मिलिमीटरची हवेची रायफल, आणि पन्नास मीटरवर .२२ बोअरची, जिची गोळी अडीच ग्रॅमांहून किंचित अधिक. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस येथे कांस्यपदक मिळविले ते ह्याच चिमुकल्या गोळीने. तेव्हा पालकांस आमची विनंती आहे की, शेजाऱ्याच्या मुलाने महागडी रायफल घेतली म्हणून ऋण काढून तशीच आणू नये. आधी मंडळाच्या साध्या रायफलीवर मुलाचा श्वास, खांदा व धीर स्थिर होऊ द्यावा. तडकलेल्या नळीच्या ठासणीवर नेम शिकलेल्या मुलाचे चरित्र आपल्यापुढे आहे. त्याचे स्मरण आमच्या बालनेमबाजांस साधन निवडण्याचा विवेक देवो, हीच आमची प्रार्थना.