वीजबिल आणि बाबासाहेब

महिन्याचे वीजबिल दारात पडले की आमच्या वस्तीत पहिला प्रश्न एकच असतो, एवढे कसे आले? स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क अशा रांगा वाचून माणूस गोंधळतो आणि शेवटचा आकडा बघून गप्प बसतो. बाजारात भाजी घेताना आपण भाव विचारतो, घासाघीस करतो, पटले नाही तर पुढच्या गाडीवर जातो. विजेच्या दुकानात मात्र यातले काहीच चालत नाही. तरीही सरकार आणि कंपन्या सांगतात की आता विजेचा बाजार झाला आहे आणि तुम्ही ग्राहकराजा आहात! हा कसला राजा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला बाबासाहेबांच्या आयुष्यातील एका दुर्लक्षित पर्वाकडे जावे लागते.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्मलेला भीवा वडिलांबरोबर मुंबईला आला तेव्हा परळच्या चाळीतली एक खोली हेच सुभेदार रामजींच्या कुटुंबाचे घर होते. पहाटे दोन वाजता उठून, काच नसलेल्या रॉकेलच्या दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात या मुलाने अभ्यास केला. उजेडाची किंमत त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही.

1913 मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकायला गेले. ते तिकडे असतानाच 1915 मध्ये टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. सह्याद्रीतल्या पाण्यावर तयार झालेल्या विजेने मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. पुढे मुळशीच्या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि 1921 मध्ये तिथे सत्याग्रह झाला. पाणी कुणाचे, जमीन कुणाची, वीज कुणाला आणि नफा कुणाचा, हा प्रश्न महाराष्ट्रात इतका जुना आहे.

1936 मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. उद्योगधंद्यांवर राज्याची मालकी किंवा नियंत्रण असावे, ही दिशा त्या पक्षाच्या कार्यक्रमात होती. जुलै 1942 मध्ये ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्या मजूर खात्याकडे कामगारांबरोबर खाणी, बांधकाम, पाटबंधारे आणि वीजही होती. बाबासाहेबांनी कामगारांसाठी काय केले हे आपल्याकडे अनेकांना माहीत आहे. पण विजेचे धोरण आखणारे बाबासाहेब प्रस्थापितांच्या इतिहासातून गायब आहेत. घटनाकार म्हणून एका चौकटीत बसवले की बाकीचे बाबासाहेब विसरणे सोपे जाते.

25 ऑक्टोबर 1943 रोजी सार्वजनिक बांधकाम आणि वीज यांवरील पुनर्रचना समितीची दिल्लीत बैठक झाली. अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. त्यांनी मूळ प्रश्नच समोर ठेवले. वीज खाजगी मालकीची असावी की राज्याच्या? खाजगी ठेवायची तर जनतेच्या हितासाठी कोणत्या अटी हव्यात? केंद्राने ती सांभाळावी की प्रांतांनी? स्वस्त आणि भरपूर वीज कोणत्या व्यवस्थेतून मिळेल? शेतीवर पडलेला माणसांचा भार हलका करायचा, दारिद्र्याच्या चक्रातून देश काढायचा, तर उद्योग हवेत आणि उद्योगासाठी वीज हवी, ही त्यांची मांडणी होती. वीज हा त्यांच्या दृष्टीने विकण्याचा माल नव्हता, माणूस उभा करण्याचे साधन होते.

ते नुसते बोलून थांबले नाहीत. 1944 मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. 1945 मध्ये जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग आला. 1943 च्या महापुराने बंगालमध्ये हाहाकार केलेल्या दामोदर नदीसाठी अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर योजना आखली गेली. पूर अडवायचा, शेतीला पाणी द्यायचे आणि त्याच पाण्यातून वीज काढायची. 1948 मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले, त्याचा पाया या काळातला आहे.

1947 मध्ये राज्ये आणि अल्पसंख्याक या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि राज्यानेच चालवावेत अशी मागणी केली. त्यांच्या मसुदा समितीच्या हातून घडलेल्या संविधानात वीज समवर्ती सूचीत आहे. 1948 चा वीजपुरवठा कायदा झाला तेव्हा वीज खाते काकासाहेब गाडगीळांकडे होते. पण मालकी आणि व्यवस्थेची चर्चा बाबासाहेबांच्या कारकिर्दीतच सुरू झाली होती. वीज न पोहोचलेल्या भागात ती नेणे हे त्या कायद्याने राज्य मंडळांचे काम ठरवले. मंडळाने शक्यतो तोट्यात जाऊ नये, एवढेच बंधन होते. 6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेब गेले. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ 1960 साली आले.

पुढे काय झाले? सरकारी मंडळांचा कारभार निर्मळ होता असे आम्ही म्हणणार नाही. 1993 मध्ये याच मंडळाने दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाशी करार केला आणि ती वीज इतकी महाग पडली की 2001 मध्ये घेणे बंद करावे लागले. 2003 चा वीज कायदा आला आणि 2005 मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या. मोठ्या ग्राहकाला दुसरीकडून वीज घेण्याची वाट मिळाली. घरगुती ग्राहक मात्र राज्याच्या बहुतांश भागात एकाच कंपनीशी बांधलेला राहिला. मुंबईच्या उपनगरांत 2009 पासून कंपनी बदलता आली, तर पुढे बदलणाऱ्यांवर अधिभार बसला. उद्योग आणि व्यापार जास्त दर भरतात म्हणून गरिबाचा दर खाली राहतो. हे मोठे ग्राहक बाहेर पडले की तो भार कुणावर येणार? उरलेल्या घरांवरच!

भारनियमनाच्या वर्षांत तर जिथे गळती जास्त तिथे अंधार जास्त असा हिशेब होता. वेळेवर बिल भरणारे कुटुंबही शेजारच्या आकड्याची शिक्षा भोगत होते. व्यक्तीचा दोष न पाहता सगळ्या वस्तीला शिक्षा, ही रीत आपल्या समाजाला नवी नाही.

2021 मध्ये बाबासाहेबांच्या नावाने जीवन प्रकाश योजना आली. अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना पाचशे रुपये अनामतीवर, तीही हप्त्यांनी, वीजजोडणी. योजना चांगलीच. पण स्वातंत्र्याला चौऱ्याहत्तर वर्षे झाल्यावरही अशी योजना लागते, यातच सगळे आले. जोडणी मिळाली म्हणून दर महिन्याचे बिल परवडतेच असे नाही.

2024 मध्ये प्रीपेड स्मार्ट मीटरला राज्यभर विरोध झाला, तेव्हा सामान्य घरगुती ग्राहकाला प्रीपेड मीटर लावणार नाही असे सरकारला जाहीर करावे लागले. एकट्याने दुकानदाराशी भांडून हे झाले नसते. दरवाढीचा प्रस्ताव आला की वीज नियामक आयोग हरकती मागवतो, जनसुनावणी घेतो. तिथे उद्योगांचे वकील हजर असतात. आमच्या वस्तीचा माणूस कुठे असतो? जयंतीच्या रोषणाईसाठी वर्गणी काढणाऱ्या मंडळांनी त्या सुनावणीला दोन शिकलेली मुले पाठवली, तर बाबासाहेबांनी 1943 मध्ये विचारलेला प्रश्न पुन्हा विचारला जाईल. वीज कुणाची आणि कुणासाठी?

जय भीम!