संशोधक कै. शंकर आबाजी भिसे

होळकरांच्या अमलात आपल्या चांदवडास टांकसाळ होती व तेथे पडलेला चांदवडी रुपया दूरवरच्या बाजारांत चालत असे, हे आपल्यापैकी बहुतेकांस ठाऊक आहे. रुपयात चांदी किती आणि हीण किती, यावर त्याची पत ठरे. हे प्रमाण ज्याच्या हाती, त्याच्या हाती नाण्याची किल्ली. आपल्या देशात केवळ रुपयाचेच नव्हे, तर कासाराच्या काशाचे, रंगाऱ्याच्या पक्क्या रंगाचे, वैद्याच्या मात्रेचे प्रमाण असेच जपले जाई. बापाने मरतेसमयी मुलाच्या कानात सांगावे, आणि मुलगा नसला तर ते चितेबरोबर जावे, अशी ही रीत होती. असे किती ज्ञान भस्म झाले असेल, याची गणती कोणी ठेविलेली नाही.

युरोपातील लोकांनी या प्रश्नास वेगळे उत्तर शोधून काढले. ज्याने नवे यंत्र अथवा नवे मिश्रण सिद्ध केले, त्याने त्याची घडण व प्रमाणे सरकारी कचेरीत स्पष्ट लिहून द्यावी. त्याबद्दल सरकारने ठराविक मुदतीपर्यंत त्याचा एकट्याचा हक्क मान्य करावा. मुदत सरली की ते ज्ञान सर्वांचे. यालाच पेटंट म्हणतात. हिंदुस्थानात असा कायदा प्रथम १८५६ साली झाला. तो लवकरच रद्द होऊन १८५९ साली पुन्हा नव्याने करण्यात आला आणि त्यान्वये चौदा वर्षांचा हक्क मिळू लागला. कायदा तर झाला, परंतु त्याचा लाभ घेणारा एतद्देशीय माणूस विरळा. नवे शोधावे, ते लेखी नोंदवावे आणि त्यावर पोट भरावे, ही कल्पनाच आपल्याकडे रुजलेली नव्हती. ज्या एका मराठी माणसाने सारे आयुष्य या कल्पनेवर पणास लाविले, त्या कै. शंकर आबाजी भिसे यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे आहे. ते आपल्याच चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीत जन्मले, म्हणून या अंकात त्यांची आठवण करणे अधिकच उचित होय.

शंकररावांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. लहानपणापासून त्यांचे लक्ष पुस्तकापेक्षा वस्तूंकडे अधिक. ही वस्तू अशी का चालते, याचा छडा लागेपर्यंत त्यांस चैन पडत नसे. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी घरीच दगडी कोळशापासून जळाऊ वायू काढण्याचे उपकरण तयार केले. कोळसा हवेवाचून बंद भांड्यात तापविला म्हणजे त्यातून वायू निघतो, डांबर वेगळे होते व खाली कोक उरतो. हा धडा शाळेत आम्ही फळ्यावर आकृती काढून शिकवीत असू, आणि मुले तो परीक्षेपुरता पाठ करीत. या मुलाने मात्र तो स्वयंपाकघरात करून दाखविला! यंत्रविद्येचे त्यांचे पुढील शिक्षण कोणत्याही कॉलेजात झाले नाही. अमेरिकेतून येणारे 'सायंटिफिक अमेरिकन' हे साप्ताहिक हेच त्यांचे विद्यापीठ.

पोटापाण्यासाठी त्यांनी मुंबईत अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी धरली. दिवसा आकडेमोड आणि रात्री यंत्रे, असा क्रम काही वर्षे चालला. याच काळात त्यांनी समानशील तरुणांचे एक विज्ञान मंडळ स्थापिले आणि 'विविध कलाप्रकाश' नावाचे मराठी मासिक चालविले. शास्त्र व उद्योग यांची माहिती मराठीतून द्यावी, हा त्यामागील हेतू. दृष्टिभ्रमाचे चमत्कारिक प्रयोग करण्यातही त्यांनी नाव मिळविले व ते थेट इंग्लंडात मँचेस्टर येथे करून दाखविले. पण त्यांचे भाग्य उघडले ते एका तराजूमुळे. पीठ, साखर यांसारखे जिन्नस आपोआप मोजून देणाऱ्या यंत्राची स्पर्धा लंडनच्या एका संशोधनविषयक मासिकाने लाविली होती. त्यात हिंदुस्थानातील या कारकुनाचा आराखडा पहिला आला. मुंबईच्या पुढाऱ्यांचे लक्ष त्यांच्याकडे वळले. दिनशा एदलजी वाच्छा यांनी दादाभाई नौरोजींच्या नावे शिफारसपत्र दिले, आणि ते घेऊन शंकरराव लंडनला निघाले. सरकारी नोकरी, पुढे पेन्शन, असे सर्व सुखाचे असता ते सोडून सातासमुद्रापलीकडे जाणाऱ्यास त्या काळी लोकांनी काय म्हटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

दादाभाईंनी त्यांस पुत्रवत् वागविले. या वयोवृद्ध पुढाऱ्यास राजकारणाचा व्याप थोडा नव्हता. तरीही हिंदी मनुष्य बुद्धीने कोणास हार जात नाही, हे इंग्लंडात सिद्ध व्हावे म्हणून त्यांनी शंकररावांच्या धडपडीत लक्ष घातले, पैसा दिला आणि दुसऱ्यांकडूनही मिळवून दिला. विजेच्या प्रकाशात जाहिराती बदलत दाखविणारे 'व्हर्टोस्कोप' हे यंत्र शंकररावांनी सिद्ध केले व ते लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले गेले. स्वयंपाकघरातील उपकरणे, शौचकूपात आपोआप पाणी सोडणारी योजना, डोकेदुखीवरील औषध, असे नाना जिन्नस त्यांच्या डोक्यातून बाहेर पडत होते.

परंतु ज्याच्यासाठी त्यांनी रक्त आटविले, ते यंत्र निराळेच होते. छापखान्याचे खिळे पाडणारे हे यंत्र पुढे 'भिसोटाइप' या नावाने ओळखले गेले.

आजच्या मुलांनी खिळे पाहिलेलेही नसतील, म्हणून थोडे सांगणे भाग आहे. अक्षराचा साचा करून त्यात वितळलेला धातू ओतावयाचा, म्हणजे एक खिळा तयार होतो. हा धातू शुद्ध शिसे असून चालत नाही. शिसे मऊ, दोन दिवसांत झिजेल. शिवाय थंड होताना ते आकसते व अक्षराची कड बोथट होते. म्हणून त्यात अँटिमनी मिसळतात. अँटिमनीचा गुण असा की ते थिजताना आकसण्याऐवजी किंचित फुगते, त्यामुळे धातू साच्याच्या कानाकोपऱ्यापर्यंत भरतो व खिळा कठीण होतो. मात्र अँटिमनी फार झाले तर खिळा ठिसूळ होऊन तुटतो. तेथे कथील उपयोगी पडते; त्याने मिश्रण चिवट व पातळ वाहणारे होते. तिघांचे प्रमाण जमले, तरच अक्षर देखणे उमटते. मराठी मुलखात जावजी दादाजींच्या निर्णयसागराने हे काम किती सुरेख केले, ते जुनी पोथी हाती धरणारास सांगावयास नको. त्यातून आपली देवनागरी लिपी. काना, मात्रा, वेलांट्या व जोडाक्षरे मिळून खिळ्यांचे शेकडो प्रकार लागत. इंग्रजीचे काम त्यामानाने पुष्कळच थोडक्यात भागे.

शंकररावांचा प्रश्न वेगाचा होता. वितळलेला धातू साच्यात गेल्यावर थिजण्यास काही काळ लागतोच, आणि तेवढा वेळ यंत्रास थांबावे लागते. घाई केली तर खिळा पोकळ राहतो. ही अडचण ओलांडून एका मिनिटात हजाराहून अधिक खिळे पाडता येतील, असा त्यांचा दावा होता. त्या वेळी लायनोटाइप व मोनोटाइप या यंत्रांनी छपाईच्या धंद्यात बस्तान बसविलेले होते. त्यांच्यामागे मोठमोठ्या कंपन्या होत्या. एका परदेशस्थ हिंदी माणसाने त्यांना आव्हान द्यावे, हे धाडस सामान्य नव्हे.

पेटंट मिळणे फारसे कठीण नव्हते. इंग्लंडातील १८८३ च्या कायद्याने आरंभीची फी अवघ्या चार पौंडांवर आणून ठेविली होती. कठीण भाग पुढेच. दरसाल वाढत जाणारी नूतनीकरणाची फी भरा. कागदावरील यंत्र लोखंडात उतरवा. एक बिघडले की दुसरे घडवा. मग कारखाना, मग विक्री. यास भांडवल पाहिजे, आणि भांडवलवाला म्हणतो की आधी यंत्र दाखवा! या चक्रात शंकररावांची ऐन उमेदीची वर्षे गेली. दादाभाईंचे स्नेही हेन्री हिंडमन यांनी भांडवल उभारण्याचे अंगावर घेतले होते. हे गृहस्थ इंग्लंडातील समाजवाद्यांचे अग्रणी. भांडवलशाहीवर रोज कोरडे ओढणाऱ्याने भांडवल मिळवून द्यावे, हा विनोदच म्हणावयाचा. १९०७ च्या अखेरीस ते सारे फिसकटले. दादाभाई त्याच वर्षी वार्धक्यामुळे स्वदेशी परतले होते. आधार तुटला, आणि १९०८ साली शंकरराव हात हलवीत मुंबईच्या बोटीत बसले.

त्याच बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले होते. दोघांची गाठ पडली आणि त्या प्रवासात गोखल्यांनी या निराश माणसाची सारी हकीकत ऐकून घेतली. ना. गोखल्यांनी मनावर घेतले म्हणजे काम अर्धे सोडीत नसत. त्यांच्या खटपटीने जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव रतनजी टाटा यांनी पाठबळ दिले, व १९१० च्या सुमारास 'टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट' स्थापन झाले. शंकरराव पुन्हा इंग्लंडास गेले. आता सर्व सुरळीत होईल असे वाटत असताना पहिले महायुद्ध आले. ज्या कारखान्यांत यंत्रे घडावयाची, तेथे तोफगोळे घडू लागले. सिंडिकेट बंद पडले. लढाई चालू असतानाच, १९१६ च्या सुमारास, शंकररावांनी आपले बिऱ्हाड न्यूयॉर्कला हलविले. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने तिसऱ्यांदा प्रारंभ केला.

येथून त्यांच्या चरित्रास जी कलाटणी मिळते, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लोक त्यांस यंत्रांचा शोधक म्हणून ओळखतात. पण प्रपंचास हातभार लाविला तो रसायनाने. अमेरिकेत त्यांनी धुण्याच्या कामी येणारे 'शेला' नावाचे संयुग तयार केले आणि त्याचे हक्क विकले. कारण उघड आहे. यंत्राचे पेटंट म्हणजे सांगाडा. त्यात जीव घालावयास कारखाना लागतो. मिश्रणाचे पेटंट म्हणजे प्रमाण. ते सिद्ध करावयास एक भट्टी, एक तराजू व दोन काचेची भांडी पुरतात. गरिबाच्या खिशास परवडणारा शोध हा असा. जन्मभर लाखांच्या यंत्रामागे धावलेल्या माणसास हे उमजावयास वीस वर्षे लागली, असे कोणी म्हणेल. पण धावल्यावाचून ते कोणासच उमजत नसते.

दुसरे रसायन आयोडिनाचे. समुद्रातील शेवाळाच्या राखेतून आयोडीन प्रथम १८११ साली फ्रान्समध्ये निघाले. जंतुनाशक म्हणून त्याची ख्याती मोठी. परंतु ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मद्यार्कात विरघळवून जखमेवर लाविले तर आग होते, आणि पोटात घेणे धोक्याचे. पाण्यात राहील आणि शरीरास सोसेल असे आयोडीन करता येईल काय, हा शंकररावांचा ध्यास. प्रथम 'बेसलीन' व पुढे सुधारणा करून 'ॲटोमिडीन' या नावाने त्यांनी हे द्रव्य सिद्ध केले. आयोडीन व क्लोरीन यांच्या संयोगाने होणारे पिवळे संयुग त्याच्या मुळाशी होते. अमेरिकेत ते बाटल्यांतून विकले गेले व काही काळ बरेच गाजले. त्याच्या गुणांविषयी त्या वेळी जे जे सांगितले गेले, ते सर्व आजचे वैद्यक मान्य करीत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. कोणी या लेखावरून आयोडीन पोटात घेऊ नये.

सहज आठवले म्हणून सांगतो. याच आयोडिनाने पुढे रसायनशास्त्रात मोठा चमत्कार घडविला. १९७७ साली शिराकावा, मॅकडायर्मिड व हीगर या शास्त्रज्ञांनी पॉलिॲसिटिलीन नावाच्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थास आयोडिनाची वाफ दिली, आणि वीज जेमतेम वाहणारा तो पदार्थ धातूप्रमाणे वीज वाहू लागला. तिघांस २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून वीजवाहक मिश्रणांची असंख्य पेटंटे जगभर घेतली गेली आहेत. त्यांतही पणास लागतो तो कोणता पदार्थ आणि किती, हाच प्रश्न. शंकररावांस हे पाहावयास मिळते, तर ते त्या रात्री झोपले नसते!

अमेरिकेत त्यांच्या नावाने खिळे पाडण्याच्या यंत्राची कंपनीही निघाली. परंतु लायनोटाइपचे आसन तिला हलविता आले नाही. मानमरातब मात्र मिळाला. हिंदुस्थानचे एडिसन असे लोक त्यांस म्हणू लागले. खुद्द एडिसन यांची व त्यांची भेट १९३० च्या डिसेंबरात झाली. एडिसन तेव्हा चौऱ्याऐंशीच्या घरात होते व पुढच्याच वर्षी निवर्तले. एकाच्या मागे अमेरिकेतील सावकार, कारखाने, शेकडो मदतनीस. दुसऱ्याच्या मागे दादाभाईंची पत्रे, गोखल्यांचा शब्द आणि रतनजींची उदारता. तुलना करणारांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

दोनशेच्या आसपास शोध व चाळीसच्या आसपास पेटंटे त्यांच्या नावावर सांगितली जातात. ७ एप्रिल १९३५ रोजी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, न्यूयॉर्क येथेच शंकररावांचा अंत झाला. ॲटोमिडीन त्यांच्यामागेही कित्येक वर्षे अमेरिकेत विकले जात होते. अमेरिकेत त्या काळी पेटंटाची मुदत सतरा वर्षांची असे. ती केव्हाच सरली. त्यांनी आपल्या हाताने लिहून दिलेल्या आकृत्या व प्रमाणे लंडन-अमेरिकेच्या पेटंट-दफ्तरांत सर्वांस मोकळी आहेत.