एक्सप्लेनर : ड्रोन, फुग्यांवरून मोजलेल्या धूलिकणांच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा? पुण्यात आयुष्य यंत्रे तपासण्यात घालवणाऱ्या ॲना मणी कोण होत्या?

नागपूर : सोनेगाव विमानतळाजवळच्या प्रादेशिक हवामान केंद्रातून हवामानाचा फुगा आकाशात सोडला जातो. त्याला लटकलेले रेडिओसोंड नावाचे हलके यंत्र वर जाताना तापमान, आर्द्रता आणि दाब मोजते आणि आकडे रेडिओ लहरींवरून खाली पाठवते. आता फुग्यांवर आणि ड्रोनवर धूलिकण मोजणारे सेन्सरही बसवले जातात. कोराडी-खापरखेड्याच्या चिमण्यांतला धूर कोणत्या उंचीवर किती पसरतो, हे जमिनीवरच्या एक्यूआयवरून कळत नाही. त्यासाठी यंत्र वर न्यावे लागते. पण वरून आलेला आकडा खरा कशावरून? भौतिकशास्त्रज्ञ ॲना मणी यांनी पुण्यात अनेक वर्षे याच प्रश्नावर काम केले.

कोण होत्या ॲना मणी?

त्यांचा जन्म 23 ऑगस्ट 1918 रोजी त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे झाला. आठव्या वाढदिवसाला घरच्यांनी हिऱ्याची कर्णफुले देऊ केली, तर मुलीने एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड मागितले. पुढे बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले ते हिऱ्यांवरच! 1945 मध्ये प्रबंध सादर केला, मात्र एम.एस्सी. नसल्याने मद्रास विद्यापीठाने पीएचडी नाकारली. ती त्यांना कधीच मिळाली नाही. त्यांना पुढेही भौतिकशास्त्रच शिकायचे होते, पण सरकारी शिष्यवृत्ती मिळाली ती लंडनमध्ये हवामानाच्या यंत्रांचे प्रशिक्षण घेण्यासाठी.

पुण्यात काय घडले?

1948 मध्ये त्या भारतीय हवामान खात्याच्या पुण्यातील यंत्र विभागात रुजू झाल्या. शिवाजीनगरची ही कचेरी पुणेकरांना आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ठाऊक आहे. तेव्हा साधी हवामान-यंत्रेही परदेशातून येत. मणी यांनी सुमारे 100 यंत्रांचे आराखडे प्रमाणित करून ती देशात बनतील अशी व्यवस्था लावली. 1953 मध्ये त्या विभागप्रमुख झाल्या, तेव्हा त्यांच्या हाताखाली 121 पुरुष काम करत होते.

यंत्र बनवण्यापेक्षा त्याचा आकडा खात्रीच्या यंत्राशी ताडून पाहण्यावर, म्हणजे कॅलिब्रेशनवर, त्यांचा जास्त भर होता. चुकीचे मोजण्यापेक्षा न मोजलेले बरे, असे त्यांचे मत होते. फुग्याच्या बाबतीत तर हे फारच खरे. वेधशाळेतला तापमापक बिघडला तर बदलता येतो. फुगा फुटल्यावर यंत्र कुठे पडेल, सापडेल की नाही, याचा नेम नसतो. जी तपासणी करायची ती उडण्याआधीच.

1960 च्या दशकात त्यांच्या चमूने भारतीय ओझोनसोंड तयार केले. छोटा पंप हवा पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून ओढतो, ओझोनमुळे आयोडीन सुटते, त्यातून सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो आणि त्यावरून ओझोन किती ते कळते. वरच्या गोठवणाऱ्या थंडीतही पंप चालला पाहिजे आणि सगळा डोलारा फुग्याला पेलला पाहिजे, ही खरी कसोटी.

धूलिकणांशी काय संबंध?

ओझोन हा वायू. धूलिकणांकडे मणी वळल्या त्या सूर्यप्रकाशाच्या वाटेने. 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात त्यांनी सौर प्रारण मोजणारी केंद्रे उभारली. थेट सूर्यप्रकाश रंगीत काचांतून मोजला, की कोणत्या रंगाचा प्रकाश किती घटला यावरून हवेतील कणांचा अंदाज येतो. याला हवेची गढूळता म्हणतात. भारतातील या गढूळतेवरचा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 1969 मध्ये ‘टेलस’ या संशोधनपत्रिकेत आला. हवामान खात्याने पुढे हवेच्या पार्श्वभूमी प्रदूषणाची दहा केंद्रे उभारली, त्यांत नागपूरही आहे.

मणी 1976 मध्ये उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. त्यानंतर भारतातील सौर प्रारणावरचे त्यांचे दोन ग्रंथ 1980 आणि 1981 मध्ये आले. सौरऊर्जेच्या क्षेत्रातले अभियंते ते वापरत आले आहेत. 16 ऑगस्ट 2001 रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले.

आज कुठे आहोत?

इस्रो आणि नासाने हैदराबादच्या टीआयएफआर केंद्रातून फुगे सोडून पावसाळ्यात सुमारे 13 ते 18 किलोमीटर उंचीवर साचणाऱ्या कणांचा थर मोजला. ड्रोनची अडचण वेगळी आहे. त्याचे पंखेच हवा ढवळतात, त्यामुळे सेन्सरचे तोंड पंख्यांच्या झोतापासून दूर ठेवावे लागते. शिवाय दमट हवेत कण फुगतात आणि स्वस्त सेन्सर आकडा वाढवून दाखवतो. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही एकाच कंपनीचे दोन सेन्सर टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले होते. दोघांचे आकडे जुळले नाहीत. आम्ही सरासरी काढली आणि रिपोर्टमध्ये लिहून मोकळे झालो.